मामांचा दुभाष्या

कष्ट वाचवण्यासाठी आमच्या धाकट्या मामांइतके कष्ट उपसणारा माणूस अख्ख्या गिरगावात दुसरा नसेल. कॉलेजात गणित शिकवायचं आणि फणसवाडीतल्या दोन खोल्यांत बसून गणकयंत्राचा दुभाष्या घडवायचा, हाच त्यांचा संसार. आपण सरळ सूत्रं लिहावीत आणि या दुभाष्याने ती यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत उतरवावीत. परदेशात म्हणे अशा एका दुभाष्यापायी माणसांची फौज वर्षानुवर्षं खपते. मामा म्हणत, "फौज कशाला? हाताने इवलासा दुभाष्या करायचा, चार शब्द कळणारा. त्याच्याकडून जरा मोठा करून घ्यायचा, त्याच्याकडून आणखी मोठा." भांडी विसळता विसळता मामी म्हणायची, "म्हणजे विरजणच की. त्यात एवढं काय?" मामा यावर खूश. वाडीच्या भजनी मंडळाला नवी चाल शिकवायची होती, ती त्यांनी एकट्या टाळवाल्याला शिकवली. त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. एकादशीला सगळे एकदिलाने बेसूर. "छान झालं," मामा म्हणाले, "आता एकालाच दुरुस्त करायचं."

यंत्र होतं शहराच्या पार दक्षिण टोकाला, एका शेडमध्ये. पुष्कळ आर्जवं केल्यावर तिथल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी दुपारचा एक तास देऊ केला. त्या तासासाठी मामा किती झुरले होते, ते आम्हीच पाहिलं. कोटाच्या खिशात दुभाष्या उतरवलेली, भोकं पाडलेली कागदी फीत घेऊन ते निघाले आणि धोबीतलावापाशी मोर्चा लागला. संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! पाचच मिनिटं म्हणून शिरलेले मामा घसा बसेपर्यंत त्यातच. पोचले तेव्हा शेडला कुलूप.

"अहो, आजच जायचं होतं का मोर्चात?" मामीला रडू आवरेना.

"यंत्र पुन्हा मिळेल गं. मुंबई गेली तर कुठून आणू?"

मुंबई मिळाली. यंत्राची पाळी काही पुन्हा आली नाही. ते गृहस्थ बदलून गेले, नव्यांना मामा कोण हेच ठाऊक नव्हतं. मामा पत्रं पाठवत राहिले आणि इकडे दुभाष्या आणखी आटोपशीर करत राहिले. आपल्या कामाला वेळ फार लागतो म्हणून बोलावत नाहीत, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती.

शेवटचा भेटलो तेव्हा ते खाटेला खिळलेले होते. मला जवळ बसवून हळूच म्हणाले, "दुभाष्यातल्या आणखी थोड्या ओळी गाळल्या रे. आता तासभर नको. पाच मिनिटं दिली तरी होईल."

ते यंत्र कधीच मोडीत निघालं होतं.

"देतील, मामा," मी म्हणालो.