ताईच्या हातचं कुट्टू

ताई एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून रफू करायची. कोटाला सिगारेटने पडलेलं भोक ती असं बुजवायची की खुद्द कोटाच्या मालकाला ते सापडू नये. या कामाची एक अडचण असते. ते उत्तम झालं की दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीचं कौतुक करायची लोकांना सवय नसते. घरातही तिचं तेच झालं होतं. आई गेल्यापासून ती बाबांना सांभाळत होती, आणि ते इतकं बेमालूम चाललं होतं की त्यात काही काम असतं, असं धाकट्या भावाच्या कधी मनातही आलं नाही.

या भावाला घरात बाळ म्हणत. बाळला टक्कल पडलं होतं आणि त्याचं पोटही सुटलं होतं.

आता दुसऱ्या शहरातल्या एका नाटक कंपनीने ताईला कपडेपटात कामाला बोलावलं होतं. सोबत राहायला खोली, आणि खोलीला खिडकी. होय-नाही सोमवारपर्यंत कळवायचं होतं. ताईला जायचं होतं. आयुष्यात प्रथमच तिला काहीतरी इतकं हवं होतं की मोठ्याने बोलायची भीती वाटत होती.

"अगं, जा की!" बाळ फोनवर म्हणाला. "आम्ही कोण अडवणार? प्रश्न फक्त बाबांच्या जेवणाचा आहे. त्यांना तुझ्याच हातचं कुट्टू लागतं. आमच्याकडे उपाशी राहतील बिचारे."

यात तथ्य होतं. आई गेली तेव्हा हातात पैसा बेताचा होता, आणि दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवर कुट्टू हे सगळ्यात स्वस्त धान्य मिळायचं. ताईने ते शिजवलं, बाबांनी खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बाबा जन्मभर लिफ्टमन होते. लोकांना वर-खाली पोचवताना मजल्याच्या आकड्यापलीकडे बोलायची त्यांना गरज पडली नव्हती. त्यांनी तक्रार केली नाही, त्याअर्थी त्यांना आवडलं, असं घरात ठरून गेलं. मध्यंतरी ते बाळकडे राहायला गेले, तर तिथल्या भाजलेल्या मांसाला त्यांनी हात लावला नाही. मग तर शिक्कामोर्तबच झालं.

"रविवारी जेवायला या," ताई म्हणाली. "कुट्टू तुझी बायको करेल, मी नुसती शेजारी उभी राहीन. बाबा जेवले, तर त्यांना न्यायचं."

"जेवले तर त्याच रात्री नेतो," बाळ म्हणाला. पैज आधीच खिशात पडलेल्या माणसाचा आवाज होता तो.

रविवारी दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. एकीला पदार्थ झकास व्हायला हवा होता, दुसरीला बिघडायला. दोघींच्या तोंडात साखर होती.

"वन्सं, तुम्ही सांगा, मी करते. मला मेलीला काय कळतंय!" भावजय म्हणाली.

"दाणे कोरडेच भाज. चांगले गडद होऊ देत, खमंग वास सुटू दे. मग उकळतं पाणी घालायचं. उकळतंच हं. आणि झाकण ठेवलं की ढवळायचं नाही. दाणा न् दाणा सुटा राहतो."

"अगदी सोपंय की!" असं म्हणत भावजयीने जेमतेम कोमट झालेल्या तव्यावरून दाणे पातेल्यात लोटले आणि वर नळाचं गार पाणी ओतलं. "अगंबाई, गार पडलं का? आता काय करायचं?" मग काळजीपोटी तिने ते ढवळलं. मनापासून, थांबून थांबून, पुन:पुन्हा ढवळलं. परतलेला कांदाही आत गेला आणि दिसेनासा झाला.

ताई बघत राहिली. बोलून उपयोग नव्हता. भावजय प्रत्येक चुकीची माफी चुकीआधीच मागत होती. झाकण निघालं तेव्हा पातेल्यात भिंतीला कागद चिकटवायच्या लायकीची खळ तयार होती. सोमवारचा निरोप तिने मनातल्या मनात पुसून टाकला.

बाबांनी पहिला घास घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बाळने तर सहानुभूतीचा चेहराही तयार ठेवला होता.

बाबांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. मग ताटली पुढे केली. "अजून आहे?"

"बाबा, तुम्हाला हे... आवडलं?" बाळने विचारलं.

"मऊ आहे," बाबा म्हणाले. "चावावं लागत नाही. ते सुटे दाणे कवळीखाली जातात. हिरड्या सोलवटून निघतात."



"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" ताईने विचारलं.

बाबांनी खरंच विचार केला. मग अगदी मायेने म्हणाले, "मला वाटलं, तुला तसंच करता येतं."

भावजयीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पातेल्याकडे. "रोज असंच करशील ना गं?" बाबांनी तिला विचारलं. बिचारीला 'हो' म्हणावं लागलं. मुद्दाम बिघडवलं होतं, असं तिला आता कुठल्या तोंडाने सांगता येणार होतं?

"तू फोनवर म्हणालास ना, त्याच रात्री नेतो? ताईने सांगितलं मला," बाबांनी बाळला आठवण करून दिली, आणि स्वत:हून कोट चढवला.

ताईने त्यांची बॅग भरली. बाबा हट्टाला पेटतील, रडतीलसुद्धा, असं धरून त्यांची समजूत कशी काढायची ते ती आठवडाभर मनात घोळवत होती. चांगली जमली होती वाक्यं. ती म्हणायला तिला जागाच मिळाली नाही.

"मी महिन्या-महिन्याला येत जाईन हं, बाबा!" तिने जिन्यावरून हाक दिली.

बाबांनी न वळता हात वर केला. एक मजला खाली गेल्यावरही त्यांचा आवाज वर येत होता. ते सुनेशी बोलत होते. भरभरून बोलत होते.