एकशेवीस तासांची वही

संध्याताई कुठल्याही कागदावर पटकन सही करत नाहीत. उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात त्या चेकिंगला आहेत. शिलाई सुटलेली असली की ती डोळ्यांआधी त्यांच्या बोटांना कळते. माणसांकडेही त्या तशाच बघतात. एकोणिसाव्या वर्षी अंबरनाथच्या एका कंपनीने त्यांना ट्रेनी म्हणून घेतलं आणि तीन वर्षं ट्रेनीच ठेवलं. कंपनी बंद पडली तेव्हा त्यांच्याजवळ केलेल्या कामाचा एकही कागद नव्हता.

म्हणून मुलगी जिज्ञासा कॉलेजचा फॉर्म घेऊन कात्रपच्या घरी आली, तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला. बी.कॉम.च्या नव्या अभ्यासक्रमात ऑन-जॉब ट्रेनिंग सक्तीचं होतं. एखाद्या कंपनीत एकशेवीस तास काम, रोजची नोंद वहीत, खाली सुपरवायझरची सही. त्याचे चार क्रेडिट. फॉर्मवर पालकांची सही हवी होती.

"पगार?"

"नाही गं. शिकायला पाठवतात. डिग्री झाल्यावर जॉबला उपयोग होतो."

"मलाही हेच सांगितलेलं," संध्याताई म्हणाल्या. पण फॉर्मवर 'अकाउंट्स विभाग' असं स्पष्ट लिहिलं होतं. त्यांनी सही केली.

दुसऱ्या आठवड्यात जिज्ञासाच्या नखांत त्यांना डिंक दिसला.

"अकाउंट्समध्ये डिंक कशाला लागतो?"

"पाकिटं चिकटवली. आई, घरी तरी चेकिंग नको करूस."

पण जिज्ञासा आंघोळीला गेली, तशी त्यांनी वही उघडली. प्रत्येक पानावर एकच वाक्य होतं, 'आज बिलांच्या नोंदी शिकले.' खाली सुपरवायझरची सही. त्या पानं उलटत गेल्या. पुढच्या आठवड्याच्या तारखा होत्या, त्यांच्याखालीही सह्या झालेल्या होत्या. जो दिवस अजून उजाडला नव्हता, त्या दिवशीही तिने बिलं शिकून घेतली होती.

मुलीला न सांगता त्या अर्धी रजा टाकून थेट कॉलेजात गेल्या. कॉलेजकडून हे ट्रेनिंग सांभाळणाऱ्या माया मॅडम तिशीच्या होत्या, टेबलावर वह्यांचा ढीग. संध्याताईंना वाटलं, हीसुद्धा कंपनीला सामील असणार.

"तुमचं नि कंपनीचं काय ठरलंय?" त्यांनी सरळ विचारलं.

मॅडमचा चेहरा उतरला. "काही ठरलेलं नाही हो. एकशेचाळीस मुलं, बघणाऱ्या आम्ही दोघी. मी फोन केला होता. सगळं छान चाललंय म्हणाले."

"कोण म्हणालं? मुली की सुपरवायझर?"

"सुपरवायझर," मॅडम म्हणाल्या.

"मग आत्ता चला. फोन न करता."

रिक्षाने दोघी अंबरनाथच्या एमआयडीसीत पोचल्या. सुपरवायझर मुकेशने त्यांना ऑफिसात बसवलं, चहा मागवला. "मुलं अकाउंट्सलाच आहेत, मॅडम. आत्ता जरा मीटिंगमध्ये बसलीत." संध्याताईंनी चहाला हात लावला नाही. बाथरूमला जाते म्हणून उठल्या आणि मागच्या दाराने गोडाऊनमध्ये शिरल्या. कॉलेजची सहा मुलं जमिनीवर बसून खोक्यांना लेबलं चिकटवत होती. त्यांत जिज्ञासा होती. तोवर मॅडमही मागे येऊन उभ्या राहिल्या.

"पहिल्या दिवसापासून हेच आहे," जिज्ञासा मान खाली घालून म्हणाली. "तक्रार केली तर पुढच्या सह्या मिळणार नाहीत म्हणाले."

बाहेर आल्यावर ती आईवरच उखडली. "तुला सांगितलं असतं तर तू मला त्याच दिवशी काढून आणलं असतंस. क्रेडिट गेले असते, वर्ष गेलं असतं. म्हणून नाही सांगितलं."

संध्याताईंनी खरंच तसंच केलं असतं. आपल्या संशयाला घाबरून मुलगी आपल्याशीच खोटं बोलली, हे त्यांना डिंकापेक्षा जास्त लागलं.

कॉलेजने त्या कंपनीत मुलं पाठवणं बंद केलं. सहाही जणांचे तास पुन्हा शून्यापासून सुरू झाले. जिज्ञासाला कुळगावात शंकरराव नावाच्या एका टॅक्स सल्लागाराकडे पाठवलं. पहिले चार दिवस ती घरी धड बोलली नाही. पाचव्या दिवशी जेवताना तिने आपणहून सांगितलं की जीएसटीचं एक रिटर्न तिने एकटीने भरलं, आणि शंकररावांनी त्यात दोन चुका काढल्या.

"चुका काढल्या? मग शिकवतोय," संध्याताई म्हणाल्या.

पुढच्या वर्षी माया मॅडमनी त्यांना नव्या मुलांशी बोलायला बोलावलं. संध्याताईंनी आधी जिज्ञासाच्या मैत्रिणीकडून खात्री करून घेतली की असा कार्यक्रम खरंच आहे. मग गेल्या, आणि उभ्याउभ्या दोनच गोष्टी सांगितल्या. पहिल्या दिवशी विचारा, मला काय शिकवणार. आणि वहीत खोटं लिहायला लागलं, तर त्याच दिवशी घरी सांगा. आईबाप ओरडतील, ओरडू द्या.

परीक्षा झाल्यावर शंकररावांनी जिज्ञासाला कामावर ठेवून घेतलं. रुजू झाली त्या दिवशी संध्याताई कुळगावात भाजी घ्यायला गेल्या आणि समोरच्या दुकानाच्या पायरीवरून अर्धा तास ऑफिसकडे बघत राहिल्या. जिज्ञासा एका म्हाताऱ्या दुकानदाराला कॉम्प्युटरवर काहीतरी समजावून सांगत होती. तो मान हलवत होता. सगळं ठीक दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या.