माठामागचा बीकर

शनिवार, सात मार्च. हजर: प्राचार्य, रसायनशास्त्र प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून मी, आमचे परिचर भाऊ, झाडझूड करायला आलेल्या दोन बाया. गैरहजर: तासिका तत्त्वावर शिकवणारी आमची तरुण सहकारी. ती नागपूरला गेली होती, तिच्या स्फटिकासाठी क्ष-किरण यंत्राची वेळ पक्की करायला.

सोमवारी तपासणी समिती येणार होती. मी बावीस कामांची यादी करून फळ्याशेजारी चिकटवली. काम नऊ: हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या काढणे, छापील येणार आहेत. प्राचार्यांना त्या चिठ्ठ्या गबाळ्या वाटत. काम चौदा: चिठ्ठी नसलेली भांडी धुऊन पालथी घालणे. दोन्ही कामं मीच लिहिली. एकेकटं वाचलं तर दोन्ही बरोबर होती.

तिने सॅलिसिलिक आम्लापासून एक अमाइड बनवलं होतं. प्रश्न एवढाच होता, की त्याच्या रेणूतला हायड्रोजन आपल्याच ऑक्सिजनकडे वळतो की शेजारच्या रेणूला धरतो. हा बंध तसा कमजोर, पण रेणू स्फटिकात कसे रचले जातील ते त्याच्यावर ठरतं. ते पाहायला साखरेच्या दाण्याएवढा एक अखंड, स्वच्छ स्फटिक लागतो. आमच्याकडच्या हवेत द्रावक भराभर उडून जातो आणि तळाशी भुकटी उरते. चार महिने तिच्या हाती भुकटीच आली. शेवटी तिने बीकरला फॉइल लावलं, सुईने तीन भोकं पाडली आणि तो माठामागच्या गारव्यात ठेवून दिला. सतरा दिवस कोणी हात लावला नाही. शुक्रवारी तिने मला मोबाइलच्या उजेडात दाखवला. तळाशी एकच होता, काचेसारखा.

"मॅडम, इथं शिंकूसुद्धा नका," ती म्हणाली.

तिच्या पीएचडीचं शेवटचं प्रकरण त्यावर अडलं होतं, आणि पीएचडीवर कायमची नोकरी.

शनिवारी दुपारी ती परतली. बीकर रॅकवर पालथा होता.

"त्यावर चिठ्ठी होती. माझ्या हातची."

"ते तं सकाळीच काढली," भाऊ म्हणाले. "मंग मी मॅडमले फोन करून इचारलं, माठामागचंबी घ्याचं का? त्या म्हणाल्या, यादीत कोनाले सूट नाई."

मी तसं म्हणाले होते. प्राचार्यांच्या खोलीतून, फोनवर, दुसऱ्या कामावर खूण करता करता.

तिने बीकर उचलून खिडकीकडे धरला. "छान चमकून राह्यला. दाखवा समितीले." एरवी ती माझ्याशी अशी बोलत नसे.

समिती आली, प्राचार्यांच्या खोलीत कागद पाहिले, जेवली आणि गिरडची टेकडी पाहायला गेली. प्रयोगशाळेचं दार कोणी उघडलंही नाही. छापील चिठ्ठ्या अजून आलेल्या नाहीत.

तिने एप्रिलमध्ये पुन्हा तीनदा करून पाहिलं. तोवर ऊन इतकं तापलं होतं, की माठामागेही गारवा उरला नव्हता. निघाल्या त्या पांढऱ्या, गढूळ सुया. यंत्राची वेळ गेली, प्रबंधाची मुदत गेली. जूनमध्ये तासिकांची नवी यादी निघाली, तिच्यात तिचं नाव नव्हतं. ती यादी टाइप मीच केली. आता ती सेलूला शिकवणी वर्गात बारावीला शिकवते.

जाताना तिने एकच मागितलं होतं. स्फटिक तिच्या हलगर्जीपणाने नाही, माझ्या आदेशाने धुतला गेला, एवढं विद्यापीठाला लेखी द्यावं. मुदतवाढ मिळू शकते. प्राचार्य म्हणाले, "लेखी कशाला? तोंडी सांगू ना. कागद उद्या कुठंही फिरतो." त्यांनी तोंडीही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

मुदतवाढीचा अर्ज या महिनाअखेरपर्यंत चालतो. पत्र चार ओळींचं आहे, कधीचं तयार आहे. दर सोमवारी मी नवी यादी करते आणि जुन्या यादीतून ते खाली उतरवते. या आठवड्यात ते काम सहा आहे. पाचपर्यंत खुणा झाल्या. सात, आठ, नऊवरही झाल्या. सही राहिली आहे.