चर्चमधली पावकी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी राजाजीनगरच्या अण्णांचं नाव घेतो. आणि कायद्याला त्यांच्याइतका मानणारा, तरीही त्याच्याशी त्यांच्याइतकं भांडणारा माणूस अख्ख्या बंगळुरात दुसरा झाला नाही, हेही लगेच सांगून टाकतो. अण्णा माझे घरमालक. त्यांचं शिंप्याचं घराणं, दोन-तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून तिकडे गेलेलं. त्यांच्या मराठीत इतकी कन्नड मिसळलेली असे की सीमेवरच्या अथणीकडून आलेला मीदेखील पहिले काही दिवस नुसती मान हलवत असे. घराण्यात सुईदोरा सोडून पहिल्यांदा स्क्रू-ड्रायव्हर हाती धरला तो अण्णांनी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे आमचं जमलं. आपल्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानामागची खोली त्यांनी मला दिली, तारा जोडायला कथलाचा डाग द्यायला शिकवलं, आणि पुढे हवेतले आवाज तपासणाऱ्या सरकारी वायरलेस केंद्रातल्या नोकरीचा अर्जही स्वतः आणून माझ्यासमोर ठेवला.

तेव्हा रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन काढावं लागे; त्याचं पुस्तक पाहिल्याशिवाय अण्णा कुणाचा रेडिओ उघडत नसत. एकदा खुद्द पोस्टमास्तरांनाच त्यांनी परत पाठवलं. "तुमचं तुम्हीच काढलं नाही, सर? मग सरी, ठीक, आधी काढून या." दुरुस्त झालेला सेट ते गाण्यावर कधी तपासत नसत. दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीवर काटा ठेवत आणि डोळे मिटत. मलाही तसं बसवत. मला ते तम्मा म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. "स्टेशन कुणीही ऐकतंय रे तम्मा. मधली जागा ऐक. स्वल्प थांब, ऐक." त्या मधल्या जागेत काय काय असतं ते मी त्यांच्याकडेच शिकलो. माइक तपासण्याची पद्धत तर आणखी निराळी. सगळं जग 'हॅलो, वन, टू, थ्री' म्हणतं. अण्णा पावकी, म्हणजे पावपटीचा जुना पाढा, म्हणत. चौथीत पाठ केलेली, घरच्या मराठीतली. कारण विचारलं तर म्हणाले, "हॅलो म्हटलं की माणूस वरडतो. पावकी म्हणताना कोण वरडतंय? चुकायची भीती असते. आणि 'पाव'मधल्या 'प'ला माइक फुटतो का, 'सव्वा'तल्या 'स'ला शिटी मारतो का, सगळं कळतं."

जवळच्या कन्नड चर्चमधले लाउडस्पीकर अण्णांच्या देखरेखीखाली असत. तिथले पाद्रीबाबा म्हातारे, आवाज बारीक, आणि एका जागी उभे राहतील तर शपथ. बोलता बोलता ते खाली उतरून मागच्या बाकांपर्यंत जात, कारण कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्या तिथे बसत. माइकची वायर त्यांच्या पायांत येई. एका रविवारी ते वायरीसकट पडले आणि अण्णांनी मनावर घेतलं. महिनाभर खपून त्यांनी साबणाच्या डबीत एक बिनवायरीचा माइक बसवला. त्याची एरियल अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, पाद्रीबाबांच्या झग्याच्या काठात शिवून दिली. मी भीत भीत विचारलं, "अण्णा, याला परवानगी?" अण्णा उखडले. "रेडिओ म्हणजे दुसऱ्याचं ऐकणं. त्याला लायसन, सरी. हे आपलंच बोलणं. घशाला लायसन काढतात का?" खरं सांगायचं तर मला मुद्दा पटल्यासारखा वाटला.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी दुपारी मी केंद्रात कानाला हेडफोन लावून बसलो होतो. ते दिवस युद्धाचे होते. अनोळखी आवाज ऐकू आला की नोंद करायची, असा हुकूम होता. डायलवर विमानांच्या बोलण्यासाठी राखलेल्या जागेच्या अगदी काठावर एक आवाज उमटला. केंद्राच्या साहेबांनी दुसरा हेडफोन उचलला. ते तंजावरकडचे तमिळ. त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"आकडे वाचतोय कुणीतरी! कुठली भाषा?"

"पाच पाव सव्वा, सहा पाव दीड," आवाज सांगत होता.

"मराठी, सर."

"सांकेतिक आहे?"

"पावकी आहे, सर. म्हणजे पावाचा पाढा."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "युद्ध चालू असताना शत्रूला पाढे कोण शिकवतंय?" मग हलकेच म्हणाले, "माणूस ओळखीचा आहे?"

मी "हो" म्हणालो.

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखा अण्णांकडे जेवलो. अक्कांनी दोनदा भात वाढला. उद्याच्या प्रार्थनेची अण्णांना कोण उत्सुकता! मी काही बोललो नाही. रविवारी साहेब गाडी घेऊन चर्चमध्ये गेले, मी गाडीतच बसून राहिलो. प्रार्थना संपेपर्यंत साहेब मागच्या बाकावर थांबले आणि मगच त्यांनी डबी मागितली. त्यांनी ताकीद दिली आणि रीतसर अर्ज करायला सांगितलं. अण्णांनी अर्ज केला. त्यात 'केंद्र स्थिर की फिरते' असा प्रश्न होता. अण्णांनी लिहिलं, "केंद्र स्थिर, पाद्री फिरते." अशा वापरासाठी नियमच नाही, असं उत्तर आलं. एवढा सगळा कायदा लिहिताना चर्चमध्ये चालत बोलणाऱ्या माणसाचा विचार कुणीच कसा केला नाही, याचं अण्णांना फार दिवस नवल वाटत होतं.

पण त्यांना राग नव्हता. उलट गिऱ्हाइकांना ते अभिमानाने सांगत, "काय यंत्र आहे सरकारचं! चर्चमधलं पुटपुटणं बरोबर धरलं! आमचा तम्मा तिथंच असतो कामाला." मी शेजारी उभा असलो की माझ्या पाठीवर थाप मारत. ती थाप मला सोसेना. वर्षभराने दिल्लीला बदली झाली तेव्हा, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. तिथून मी त्यांना हे पत्र लिहिलं.

*तीर्थस्वरूप अण्णांस, सा. न. वि. वि.*

*तुम्हाला यंत्राने शोधलं नाही. यंत्राला फक्त दिशा कळली होती, आणि त्या दिशेला निम्मं गाव येतं. चर्चचं नाव मी सांगितलं. आवाज तुमचा आहे, हेही मीच सांगितलं. विमानांच्या बोलण्यात अडथळा येऊ नये म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नाही. पण त्या संध्याकाळी तुमच्या पानाला पान लावून बसलो असताना तुम्हाला सावध करता आलं असतं. डबी तुम्ही स्वतःच जाऊन साहेबांपुढे ठेवली असती, हे मला ठाऊक होतं. तरी नोकरीच्या भीतीने मी गप्प बसलो.*

*हल्ली पाद्रीबाबा बोलत पुढे चालतात आणि तुम्ही मागून वायर सोडत चालता, मागच्या बाकापर्यंत. बदलीआधी काही रविवार मी ते फाटकापाशी उभं राहून पाहिलं. आत यायचा धीर झाला नाही.*

*पुढच्या महिन्यात रजा मिळते आहे. हे पत्र अक्कांनाही वाचून दाखवा, आणि मी घरी उतरू की दुसरीकडे, एवढंच कळवा.*