चर्चमधल्या गव्हाणी

चर्चमध्ये नाताळच्या गव्हाणी मांडल्यात, येऊन बघा, असं शेजारच्या ख्रिस्ती बाईंनी दोनदा सांगितलं, म्हणून आम्ही नवरा-बायको गेलो. इंग्रजांच्या काळातलं ते दगडी चर्च मी कामावर जाताना रोज बघतो, आत मात्र पहिल्यांदाच गेलो. बायको गणपतीतले देखावे बघायला निघावं तशी निघाली होती. मला नको वाटत होतं. पाळणा, बारसं, तान्हं मूल असलं काही आलं की मी टाळत आलोय.

आत भिंतीकडेनं टेबलं लावली होती. कुठून कुठून आणलेल्या गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचे छोटे देखावे, लाकडाच्या, काचेच्या, एक तर नारळाच्या करवंटीत मावलेली. बायको थांबली ती इथल्याच एका कुटुंबानं केलेल्या गव्हाणीपाशी. ऊसतोडीच्या फडावर मजूर बांधतात तसली उसाच्या पाचटाची कोप, बाहेर सोडलेली बैलगाडी, योसेफाला मुंडासं, मरियेच्या अंगावर सोलापुरी चादरीचा तुकडा.

"अवो, हे बगा की," ती हसली. करकंब गावची आहे ती. "फडावर टोळी उतरल्यावानी दिसतंय. बाळंतिणीला चादर तरी दिली, बरं केलं."

बाळाची जागा रिकामी होती. शेजारच्या बाई तिथंच मांडामांड करत होत्या. त्या म्हणाल्या, "बाळ खरं तर चोवीसच्या रात्री ठेवतात. पण आज शाळेची मुलं येणार आहेत." त्यांनी कागदातून मातीचं बाळ काढलं आणि बायकोपुढं धरलं. "तुम्हीच ठेवा, ताई."

बायकोनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नगं. माझा हात नगं लावायला."

"का हो?"

"मला मूल न्हाय की. बारशाला आमी पाळण्याला हात लावत न्हाय." भाजीचा भाव सांगावा तसं तिनं सांगितलं.

"आमच्यात असलं काही नसतं, ताई."

"तुमच्यात नसंल. पर बाळ ते बाळच की. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

बाई माझ्याकडं बघायला लागल्या.

आता लिहितोच. लग्नानंतर काही वर्षांनी बार्शीच्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं की दोष माझ्यात आहे. बाहेर येऊन मी बायकोला म्हणालो, धीर धरा म्हणतात. खरं फक्त आईला सांगितलं. आई म्हणाली, बाहेर बोलू नकोस. मी बोललो नाही. बायकोनं उपास केले, नवस केले. धाकट्या भावाच्या मुलाच्या बारशाला आईनं सगळ्यांदेखत तिला म्हटलं, तू जरा मागं सरक. ती सरकली. मी पेढे वाटत होतो.

"दोष तुझ्यात न्हाय," मी म्हणालो. "माझ्यात हाय. पहिल्यापासनं."



"कुणी सांगितलं?"

"बार्शीच्या डॉक्टरांनी. तवाच."

"आत्याबाईंना ठाऊक हुतं?"

मी होकारार्थी मान हलवली. आईला ती आत्याबाई म्हणायची. आई गेल्या वर्षी गेली. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं न्हाणं-धुणं हिनंच केलं होतं.

बायकोनं बाईंच्या हातातलं बाळ घेतलं. पाचटाच्या कोपीत नीट ठेवलं, चादरीचा तुकडा सारखा केला. मग म्हणाली, "तुमी जावा घरला. मी ह्या बाईंच्यासंगं येते."

ती अंधार पडता पडता आली. भाकरी केल्या, वाढल्या. मला वाटलं होतं रडेल, भांडेल. मी त्याचीच वाट बघत बसलो होतो.

सकाळी तिनं माझ्या धाकट्या भावाला फोन लावला. "भावजी, जाऊबाईंना बी जवळ बोलवा," म्हणाली, "ह्यांना काय तरी सांगायचं हाय." आणि फोन माझ्या हातात देऊन समोर खुर्ची ओढून बसली.

"दादा, काय झालं?" भाऊ विचारत होता.

मी तिच्याकडं बघितलं. ती उठली नाही. मग मी बार्शीपासून सांगायला सुरुवात केली.