कलमांच्या बुडाशी

मी जात्याच घाबरट. गॅस बंद केलाय ना, हे बघायला एसटीच्या थांब्यावरून घरी परत येणारी बाई. असल्या माणसाच्या हाती बाबांनी, माझ्या सासऱ्यांनी, आंब्याची पस्तीस कलमं सोपवली, तीही वैशाखरे गावच्या उघड्या माळावर.

बाबांनी ती स्वतः लावली होती, दोन वर्षं जिवापाड जपली होती. मग त्यांचे गुडघे गेले आणि झाडांभोवतीचं गवत काढायचं काम माझ्याकडे आलं. नवरा मुरबाडला कंपनीत, घरी फक्त शनिवारी.

"बुडाशी विळा नाय घालायचा गो," बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "हातभर जागा हातानं उपटायची. लांबचं मंग काप."

उपटायला वेळ लागतो. दिवसाला कशीबशी दोन झाडं मोकळी व्हायची. तोवर दिवाळी सरली, कमरेएवढं गवत वाळून पिवळं पडलं आणि माझी झोप उडाली. या दिवसांत वणवा कधी, कुठून येईल नेम नसतो. डोंगरावर कुणाच्या चुलीचा धूर दिसला तरी मी बांधावर जाऊन बघत राहायचे. बाबा हसायचे. "तू घाबरून वणवा थांबणार हाय काय?"

एका दुपारी पलीकडच्या माळावरून खरंच धूर आला. गवत तडतडल्याचा आवाजही येत होता. आमची अकरा झाडं अजून गवतात बुडालेली. मी विळा घेऊन धावले. उपटत बसायला सवड कुठली? हाताला लागेल ते धरलं, कापलं, ओढून लांब फेकलं. डोळ्यांत घाम, घशात धूर. दिवस मावळायच्या आत सगळं साफ केलं. वणवा मधल्या ओढ्यापाशीच विझला, आमच्या बांधाला शिवलासुद्धा नाही. मी मातीत बसून चक्क रडले, इतका आनंद झाला होता.

सकाळी बाबा काठी टेकत आले. एकेका झाडापाशी थांबत शेवटच्या ओळीपर्यंत गेले. तिथे मी फेकलेल्या गवताचा ढीग त्यांनी काठीनं उचकला, तर आंब्याचा एक शेंडा वर आला. पानं अजून हिरवी होती. मग दुसरा, तिसरा. पाच कलमं मी गवताबरोबर कापून टाकली होती आणि मला पत्ताही नव्हता.

मला वाटलं, आता बोलतील. पण ते वाकता येत नसताना वाकले, शेंडे गोळा केले आणि ओढ्यात टाकून आले.

शनिवारी नवरा आला. "पाच गेली रे वणव्यात," बाबांनी पायरीवर बसल्या बसल्या सांगितलं. "बाकीची हिनं वाचवली."

नवऱ्यानं माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं, की मी चहा टाकायला आत पळाले. शेतात जळकी काडीसुद्धा नव्हती आणि चहा पिऊन तो शेत बघायला जाणार होता. बाबांना खोटं कसं पाडायचं, म्हणून मी गप्प राहिले, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर ते कौतुक मला परत द्यायचं नव्हतं.