उन्हाळ्यात भरलेली टाकी

१२ डिसेंबर १९९६. टेक्ला ह्रिनचुकच्या आवारातले जीव : गायी चौदा, कुत्रा एक आणि ती स्वतः.

टेक्लाचे वय एकाहत्तर. कॅनडातल्या मॅनिटोबाच्या त्या भागातल्या तिच्या वयाच्या विधवा बहुधा गावातल्या वृद्धांच्या इमारतीत राहायला जातात आणि चर्चच्या तळघरात बसून पेरोगी, म्हणजे बटाट्याचे सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वळतात. टेक्लाही वळायला जाई, परंतु उजेड असेपर्यंत घरी परते, कारण गायींना वैरण घालायची असे. नवरा निकोला वारल्यावर विनिपेगच्या मुलाने, मायरनने, गायी विकण्याचा आग्रह धरला. तेव्हा तिने त्याला शब्द दिला होता : ज्या दिवशी आपल्या हातून गायींना खायला घालणे होणार नाही, त्या दिवशी आपणच गुरांचा ट्रक बोलावू. तोवर त्याने हा विषय काढायचा नव्हता. मायरनने तो काढला नाही, आणि टेक्लानेही स्वतःला सवलत दिली नाही.

खायला घालणे म्हणजे ट्रॅक्टर. सुक्या गवताचा एकेक गोल गठ्ठा अर्धा टन वजनाचा. तो माणसाच्या हाताने हलत नाही. ट्रॅक्टरच्या टाकीचे तोंड मात्र टेक्लाच्या कपाळाच्या उंचीवर होते. निकोला डिझेलचा भरला कॅन खांद्यावर घेई आणि शीळ घालत रिकामा करी. टेक्लाचा खांदा दुखावलेला होता. हात छातीच्या वर गेला की डोळ्यांपुढे अंधारी येई.

तिने वाटा शोधल्या. आधी कॅन अर्धेच भरून आणले. मग जुन्या किटलीत थोडे थोडे डिझेल घेऊन ती पायरीवर चढउतार करू लागली. ते पाहून शेजारी ओरेस्त कालिन्युक म्हणाला होता, “कुमा, तू ट्रॅक्टरला डिझेल घालतेस की औषध पाजतेस?” त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला टेक्लाने तिला हातांवर घेतले होते, तेव्हापासून ती त्याची कुमा, म्हणजे मुलीची धर्ममाता, रक्ताहून किंचितच दूरची.

“औषधच. निदान तो तुझ्यासारखा दुसरा पेला तरी मागत नाही,” ती म्हणाली.

नंतर तिने बरी युक्ती काढली. ट्रॅक्टरचे पुढचे सुपडे जमिनीला टेकवून त्यात कॅन ठेवायचा, यंत्रानेच सुपडे उंच करायचे आणि लांब नळीने डिझेल टाकीत उतरू द्यायचे. वजन उचलण्याचा प्रश्न त्यामुळे मिटला. तरी नळी धरून पायरीवर उभे राहावे लागेच. मार्चमध्ये त्या पायरीवरच्या बर्फावरून ती घसरली आणि श्वास परत येईपर्यंत आवारात पडून राहिली. मायरनला तिने ते सांगितले नाही. ओरेस्तला कुत्र्याच्या भुंकण्यावरून कळले.

ऑगस्टमध्ये तो आपली जुनी मोठी टाकी घेऊन आला. दोन दिवस खपून त्याने लोखंडी पायांचा उंच सांगाडा जोडला, टाकी वर चढवली, खाली नळी आणि बंद-चालू करायची मूठ बसवली आणि आपल्याच साठ्यातून ती काठोकाठ भरून दिली. आता जमिनीवर उभे राहून मूठ दाबली की डिझेल आपल्या वजनानेच खाली येई. टेक्लाने पहिल्यांदा मूठ दाबली तेव्हा डोळ्यांतले पाणी ओरेस्तला दिसू नये म्हणून तोंड फिरवले. मोबदल्याचे विचारले तर तो म्हणाला की फेब्रुवारीत मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे जाऊ, तेव्हा आमच्या गुरांना तू वैरण घाल. तिकडे शेजाऱ्याचे काम कामानेच फिटते. टेक्लाला ते पटले. दया तिला पचली नसती.

नोव्हेंबर मवाळ गेला. बारा डिसेंबरला वादळ आले आणि त्यामागून उणे तेहतीसची थंडी. ट्रॅक्टर सुरू झाला, गवताच्या गंजीपर्यंत अर्धे अंतर गेला, खोकला आणि थांबला. टेक्लाने डिझेलच्या गाळणीची काचेची वाटी उघडून पाहिली. आत थिजलेल्या तुपासारखे काहीतरी पांढरट साचले होते.

तिने ओरेस्तला फोन केला. बर्फाने त्याचा रस्ताही बुजवला होता. त्याने विचारले, टाकी शेवटची कधी भरलीस?

“मी कुठे भरली? तूच भरलीस. अजून अर्धी आहे.”





“कुमा, ते उन्हाळी डिझेल आहे. थंडीत गोठतं ते.”

ही गोष्ट त्या मुलुखात पोरासोरांना ठाऊक असते. टेक्लालाही होती, पण कॅनच्या दिवसांत ती दर आठवड्याला पंपावरून थोडे थोडे आणी, आणि थंडी पडली की पंपवालाच आपोआप हिवाळी डिझेल देई. ओरेस्तचे शेत मोठे; त्याची टाकी सुगीतच तळाला जाई आणि त्यानंतर भरले जाई ते हिवाळीच, त्यामुळे त्यालाही आठवण ठेवावी लागत नसे. चौदा गायींच्या घराला त्याने दिलेली टाकी वर्षभर पुरेल, हे दोघांच्याही मनात आले नाही. त्याने मदत मनापासून केली, पण माप स्वतःच्या शेताचे लावले. तिने ती कृतज्ञतेने घेतली, आणि कृतज्ञ माणूस फार प्रश्न विचारत नाही.

वैरण समोर होती, गायी समोर होत्या आणि मधे एक शेतभर बर्फ होते. टेक्लाने गठ्ठ्याची सुतळी कापली, काट्याने गवत उपसून मायरनच्या लहानपणीच्या घसरगाडीवर रचले आणि डाव्या हाताने ओढत नेले. एक फेरी दोन गायींनाही पुरेना. मागच्या गायी पुढच्यांना ढुशा देऊ लागल्या. हंबरडे घरातही ऐकू येत. रेडिओ मोठा केला तरी येत. दुसऱ्या दिवशी काटा धरायला बोटे वळेनात. ती कुंपणाशी नुसती उभी राहिली, आणि गायी तिच्याकडे पाहत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी रस्ता उकरत ओरेस्त आला. त्याने गाळणी बदलली, टाकी उपसली, हिवाळी डिझेल घातले. ट्रॅक्टर चालू झाला. चौदाही गायींनी पोटभर खाल्ले. एकही मेली नव्हती.

“बघ, झालं,” तो म्हणाला. “चूक माझी होती. तुझी नाही.”

“असेल. मी मायरनला फोन केलाय. गुरांचा ट्रक मंगळवारी येईल.”

“ट्रॅक्टर चालतोय, कुमा.”

“आज चालतोय. मी शब्द ट्रॅक्टरचा दिला नव्हता.”

तो पुष्कळ बोलला, शेवटी रागावलाही. तिने त्याच्यापुढे सूप ठेवले. ते न संपवता तो निघून गेला.

गायी मंगळवारी गेल्या. ट्रॅक्टर जानेवारीत गेला, आणि टेक्ला गावातल्या इमारतीत राहायला गेली. लग्नाच्या आठवड्यात ओरेस्तच्या गुरांना दुसऱ्याच कोणी वैरण घातली. ओरेस्तचे ऑगस्टमधले दोन दिवसांचे काम टेक्लाकडून अजून फिटलेले नाही.